अंगठे धरायचा हट्ट सोडा, टॉवेल घ्या

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"ताई, मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहते. वय 46. गेली 12 वर्षं घरीच मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवते. कटिंग केलेला माल घरी येतो, मी शिवून देते. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन महिने तर सकाळी नऊला बसले की रात्री आठलाच उठते. उठताना मांड्या मागून अशा आखडलेल्या असतात की पहिली पाच-सहा पावलं वाकूनच टाकावी लागतात. मुलीने मोबाइलवर व्यायाम दाखवला. उभं राहून खाली वाकायचं आणि पायाचे अंगठे धरायचे. माझे हात नडगीच्या मध्यापर्यंतच गेले. मुलगी म्हणाली, झोके दे, आपोआप उतरशील. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तसं करताना डाव्या मांडीत मागून चमक निघाली. चार दिवस लंगडत होते. शेजारच्या काकूंनी गरम तेलाने रगडून दिलं, त्याने आणखीच ठणकलं. आता दोन आठवडे झालेत. चालताना काही होत नाही, पण वाकायची भीती बसली आहे. या वयात आखडलेल्या शिरा मोकळ्या होतात का? घर दोन खोल्यांचं, योगाची चटई नाही, क्लासला जायला वेळ नाही. घरात काय करू, काय नको, नीट सांगा."

ताई, होतात. 46 व्या वर्षी होतात आणि 66 व्या वर्षीही होतात. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज हेच काम करते, त्यामुळे हे उत्तर मी छातीठोकपणे देते. तुम्ही व्यायाम करायला उठलात हेच मला फार आवडलं. फक्त तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या: अंग गार होतं, वेळ पहाटेची होती आणि वर झोके दिलेत. यातली एक असती तर कदाचित निभावलं असतं.

आधी एक काम. माझा सल्ला आजपासून लागू करायचा की आधी डॉक्टरांना दाखवायचं, ते ठरवू. चमक निघाली तेव्हा मांडीत 'टक्' असा आवाज झाला होता का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागे काळंनिळं पडलं होतं का? दाबून पाहिल्यावर एखाद्या जागी खड्डा लागतो का? यातलं काही असेल तर स्नायू थोडा फाटलेला असू शकतो. मग दाखवल्याशिवाय ताणायचं नाही. दुखणं मांडीतच न थांबता पोटरीतून पावलापर्यंत करंट गेल्यासारखं उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, खोकताना-शिंकताना वाढत असेल, तर मूळ कंबरेत आहे असं समजून दाखवा. दोन्ही मांड्यांच्या मधला, आपण ज्या भागावर बसतो तो भाग बधिर झाला, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय असं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि दिवसभर बसून काम करणाऱ्या बायकांना मी आणखी एक सांगतेच: एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर ती 'शीर धरली' म्हणून चोळत बसू नका. रक्ताची गुठळी असू शकते. ते चोळायचं दुखणंच नाही, लगेच दाखवायचं आहे.

पत्रात यातलं काही दिसत नाही. चार दिवसांत लंगडणं थांबलं, दोन आठवड्यांनी चालताना त्रास नाही, म्हणजे साधी लचक असावी. जिना चढून-उतरून बघा. तिथेही दुखलं नाही तर सुरुवात करायला हरकत नाही. काकूंनी केलं ते मायेने केलं, पण नव्या लचकेला पहिले दोन दिवस रगडायचं नसतं आणि शेकायचंही नसतं. कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि पायाला आराम. तेलाचं मालिश नंतर हळुवार केलं तर बरं वाटतं, पण त्याने स्नायू 'मोकळा' होत नाही. त्याला काम द्यावं लागतं.

आता हे आखडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगते, कारण ते एकदा कळलं की पुढचा प्रत्येक व्यायाम तुमचा तुम्हालाच तपासता येईल. लाकडी स्टुलावर ताठ बसलात की ढुंगणाखाली दोन हाडं टोचतात ना? मांडीच्या मागचे तीन मोठे स्नायू, ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते त्या हाडांपासून निघतात, मांडीच्या मागून खाली येतात आणि गुडघा ओलांडून नडगीच्या हाडांना चिकटतात. गुडघा वाकवला की तुमच्या लवणीच्या, म्हणजे गुडघ्यामागच्या खोलगट जागेच्या, दोन्ही बाजूंना दोरीसारखं काहीतरी हाताला लागतं, ती त्यांचीच टोकं. म्हणजे हे स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. मशीनवर बसताना गुडघा वाकलेला, तेव्हा ते दिवसभर ढिले पडून राहतात. एक पाय पॅडलवर थोडाफार हलतो, दुसरा बऱ्याच जणींचा स्टुलाखाली दुमडलेला असतो. तुमचा डावा पाय तसाच असतो का, ते जरा बघा.

लोक म्हणतात, बसून बसून शिरा तोकड्या झाल्या. ते अर्धंच खरं आहे. बऱ्याचदा स्नायूची लांबी ठीक असते, पण मेंदूला त्या लांबीपर्यंत जायची सवय राहिलेली नसते. त्या जागी पोचायच्या आधीच तो 'बस, इथंच थांब' म्हणतो आणि आपल्याला ओढ जाणवते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जो फरक पडतो, त्यातला मोठा वाटा ही ओढ सोसायची सवय होण्याचाच असतो. म्हणून जोर लावून काही मिळत नाही. मेंदूचा विश्वास बसला की तो पुढे जाऊ देतो.

झोके का नकोत, तेही यातच आहे. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली छोट्या हातोडीने टकटक करतात, पाय आपोआप उडतो, ते पाहिलं असेल. स्नायू अचानक ताणला गेला की तो आपलं रक्षण करायला लगेच आकसतो. तुम्ही वर-खाली झोके देत होतात तेव्हा दर झोक्याला मांडी आकसत होती आणि तुम्ही आकसलेल्या मांडीला ओढत होतात. शिवणीत अडकलेला दोरा हळू ओढला तर सरकतो, हिसका दिला की तुटतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि पहाट का नको? रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिल्या तासाभरात कंबरेतून पूर्ण वाकलं तर त्यांच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. सकाळी केरवारे, चहापाणी, अंघोळ उरकू द्या. वाकायचे व्यायाम नंतर. खरं तर तुमच्यासाठी मी संध्याकाळच सुचवेन. काम संपवून उठलात की आधी गल्लीच्या टोकापर्यंत दोन-तीन फेऱ्या मारा, पाच ते दहा मिनिटं, अंग जरा गरम होईल इतपत. मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो, तेव्हा बायका मला विचारतात, आणखी गरम कशाला करायचं? पण घामेजलेली कातडी आणि हललेला स्नायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाळ्यात दिवस मावळल्यावर चाला, आधी पाणी प्या, पण चालणं गाळू नका.

आता टॉवेल. आपल्या गावात चादर आणि टॉवेल मागायला कुणाकडे जावं लागत नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि तुम्हाला लागणारं सगळं साहित्य तेवढंच. जुनी जाड चादर चौपदरी घडी करून जमिनीवर अंथरा, झाली चटई. अंग पुसायचा मोठा, लांब टॉवेल उभा दुमडून पट्टा करा. नॅपकिन पुरत नाही. ओढणी तळव्यावरून घसरते. आणि घरात युनिफॉर्मच्या चड्ड्यांचं इलॅस्टिक पडलेलं असेल, ते अजिबात घेऊ नका. सुटलं तर थेट तोंडावर येतं.

चादरीवर उताणं झोपा. दोन्ही गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर. आधी उजवा, म्हणजे चांगला पाय करू. उजवा गुडघा छातीकडे घ्या आणि टॉवेल तळव्याच्या मधल्या भागात अडकवा, बोटांवर नको. टॉवेलची दोन्ही टोकं हातात, कोपरं जमिनीला टेकलेली, खांदे कानाकडे चढलेले नकोत. आता मांडी आहे तिथेच धरून टाच छताकडे न्यायला सुरुवात करा. गुडघा उघडत जाईल. कुठेतरी मांडीच्या मागे, मध्यावर, हलकी ओढ जाणवेल. तिथे थांबा. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर होऊ दे. सुरुवातीला बहुतेक बायकांचा होत नाही, आणि तो ताठ करायचा आग्रह धरला की ओढ मांडी सोडून लवणीत उतरते.

इथे 20 ते 30 सेकंद. मनात आकडे मोजा, पण श्वास धरू नका. आकडे मोजताना श्वास आपोआप धरला जातो, म्हणून मी बायकांना ओठ हलवत, हळू आवाजात मोजायला सांगते. ब्लडप्रेशर असलेल्यांनी तर हे सांभाळायलाच हवं. पंधरा-वीसच्या आसपास ओढ थोडी विरघळल्यासारखी वाटते. वाटली तर टाच आणखी बोटभर वर न्या, नाही वाटली तर तिथेच राहा. मग गुडघा वाकवून पाय खाली आणा. उचललेल्या अवस्थेतून सरळ पाय धाडकन सोडायचा नाही. असं दोन-तीनदा, मग डावा पाय. एकेका पायाला सगळं मिळून मिनिटभर ताण मिळाला तरी पुरे आहे.

किती ओढायचं, हा प्रश्न सगळ्यांचा असतो. दहा पैकी तीन-चार. तोंड वेडंवाकडं होत असेल, दात आवळले जात असतील, तर तुम्ही सहा-सातला पोचलात, मागे या. डाव्या पायाला पहिले दोन आठवडे दोनवरच ठेवा. आणि ओढ कुठे येते त्याकडे लक्ष असू द्या. मांडीच्या मधल्या मांसल भागात आली तर बरोबर. ढुंगणाखालच्या हाडाला अगदी चिकटून टोचली तर पाय कमी उचला. लवणीत आली तर गुडघा आणखी वाकवा.

लवणीबद्दल थोडं जास्त सांगते. कंबरेतून निघालेली जाड नस, जिच्या दुखण्याला आपण सायटिका म्हणतो, ती याच मांडीच्या मागून खाली जाते. पुष्कळदा आपण स्नायू ताणतोय असं समजत ती नस ओढत असतो. माझ्याकडे एक विडी कामगार मावशी यायच्या. मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कापत, विड्या वळत त्यांची उभी हयात जमिनीवर बसून गेलेली. कुणीतरी त्यांना पाय लांब करून, पावलं स्वतःकडे ओढून पुढे वाकायला शिकवलं होतं. सहा महिने नेमाने करत होत्या आणि पाय रात्रभर ठणकत होता. मी त्यांना टॉवेलवर घेतलं, पाऊल सैल सोडायला लावलं. ओढ मांडीत आली. मग म्हटलं, आता बोटं नाकाकडे करा. लगेच म्हणाल्या, "हे बघा, आता पोटरीत वीज गेली." पाऊल सोडलं, वीज थांबली. मांडी तशीच, पाय तितकाच वर, फक्त घोटा हलला आणि दुखणं बदललं. म्हणजे ती नस होती. त्यांना आम्ही पाऊल सैल ठेवूनच, अगदी थोडं ताणायला दिलं आणि कंबरेचं वेगळं बघितलं. तुम्हीही हे स्वतःवर करून पाहा. ताणलेल्या अवस्थेत पावलं वर करून मुंग्या किंवा वीज पोटरीत उतरली, तर नस बोलतेय. मग पाऊल सैल, पाय खाली, आणि हे होतच राहिलं तर दाखवून घ्या. नस ताणून लांब करायची वस्तू नाही.

ज्या दिवशी हात टॉवेल धरायलाही नको म्हणतील, आणि सीझनमध्ये असे दिवस येणारच, त्या दिवशी दाराची चौकट वापरा. आतल्या खोलीचं दार घ्या, तिथे सहसा उंबरठा नसतो. असला तर त्यावर टॉवेलची घडी टाका. डोकं खोलीत, पाय दाराकडे, असं उताणं झोपायचं. डावा पाय ताणायचा तर चौकटीची डावी बाजू. उजवा पाय दारातून बाहेर सरळ जमिनीवर, डावी टाच चौकटीला लागून भिंतीवर टेकवायची. गुडघा किंचित वाकलेला चालेल. ढुंगण भिंतीपासून जितकं लांब तितकी ओढ कमी, जितकं जवळ तितकी जास्त. पहिल्या दिवशी चांगलं हातभर लांबच राहा. बूड जमिनीवरून उचललं जात असेल तर अजून लांब सरका. इथे हातांना काम नाही, म्हणून मिनिटभर सहज राहता येतं. गुडघ्याखाली जागा राहिली तर राहू दे.

आणि इथेच तुमचा खडू उपयोगी पडेल. ज्या दिवशी आरामात, तीनच्या ओढीवर, जिथे ढुंगण टेकलं होतं तिथे फरशीवर मार्किंगच्या खडूने रेघ मारा आणि टेपने भिंतीपासूनचं अंतर मोजा. डाव्या पायाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. दर रविवारी मोजा. तुम्ही दिवसभर इंचात काम करता, तुम्हाला पाव इंचाचा फरकही दिसेल. अंगठ्यापर्यंत हात पोचले का, या मोजमापावर माझा विश्वास नाही. हात लांब, पाय आखूड असलेल्या बाईचे हात पहिल्याच दिवशी पोचतात. कंबरेतून गोल वाकणाऱ्या बाईचेही पोचतात, आणि त्यात मांडी ताणलेलीच नसते, ताणलेली असते कंबर.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण तुमची वाकायची भीती यातूनच जाईल. वाकण्याचे दोन प्रकार. एक पाठीची कमान करून, दुसरा खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. मांडीच्या मागचे स्नायू दुसऱ्या प्रकारातच खरे ताणले जातात. हा कसा असतो ते भिंतीकडे पाठ करून शिका. भिंतीपासून वीतभर पुढे उभं राहा, दोन पावलांत कंबरेइतकं अंतर, गुडघे जरासे सैल. दोन्ही हातांच्या कडा मांडी आणि पोट मिळतात त्या घडीत दाबून ठेवा. आता हात न काढता बूड मागे नेऊन भिंतीला टेकवा, जणू हात भरलेले आहेत आणि तुम्ही ढुंगणाने दार लोटताय. पाठ वाकली नाही, तरी छाती आपोआप पुढे झुकली ना? हे खुब्यातून वाकणं. जमलं की बोटभर पुढे सरका, पुन्हा करा. दिवसातून आठ-दहा वेळा. कापडाचा गठ्ठा उचलतानाही हीच चाल वापरा, वर गुडघेही वाकवा.

हे जमलं की मशीनजवळचा व्यायाम सोपा. स्टुलाच्या काठावर या. स्टूल फरशीवर सरकत नाही ना, ते आधी बघा. एक पाय सरळ पुढे, टाच जमिनीवर. दुसरा गुडघ्यातून वाकलेला, तळवा टेकलेला. हात वाकलेल्या मांडीवर. छाती वर ठेवून खुब्यातून दोन-तीन इंच पुढे झुका. डोकं गुडघ्याला लावायचं नाही, नजर समोर. ओढ आली की 20 सेकंद थांबा. पुढच्या पावलाची बोटं आपोआप वर होतील. मघाशी सांगितलेली वीज आली तर ती सैल सोडा.

काही गोष्टी मात्र घरात करू नका. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा गॅलरीच्या कठड्यावर टाच ठेवून वाकणं. तोल गेला तर लागेल, आणि त्या उंचीवर नवख्याची कंबर गोल होतेच. पाठीवर कुणाला बसवून किंवा मागून दाबायला लावून पुढे वाकणं, मुलीने कितीही हौसेने म्हटलं तरी. ताणाची मर्यादा फक्त तुम्हाला आतून कळते, दाबणाऱ्याला कळत नाही. पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकायचं आसन, आवडत असेल तर ते वाईट नाही, पण ढुंगणाखाली चादरीची जाड घडी घ्या, गुडघे वाकलेले ठेवा आणि पावलांकडे जाण्याऐवजी पोट मांड्यांकडे न्या. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान ज्यांना आहे, त्यांनी मात्र पाठ गोल करून पुढे वाकणं पूर्ण टाळावं, मणका दबू शकतो. पाळी थांबलेल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, खुबा-गुडघा बदललेला असेल किंवा पोटात बाळ असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

फक्त ताणणं पुरत नाही, हे मी गेल्या काही वर्षांत जास्त ठासून सांगू लागले आहे. बसून राहिलेला स्नायू आखडलेला तर असतोच, कमजोरही असतो, आणि कमजोर स्नायूला ताण सोसत नाही. म्हणून टॉवेलचा व्यायाम झाला की त्याच चादरीवर, गुडघे वाकवून, टाचा दाबून ढुंगण वर उचला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतार झाला पाहिजे, कंबर कमानीसारखी वर ढकलायची नाही. दोन-तीन सेकंद थांबून हळू खाली. आठ-दहा वेळा. मांडीच्या मागे गोळा आलाच तर टाचा थोड्या जवळ घ्या, नाहीतर पाय लांब करून गोळा जाऊ द्या, दमानं. एक दिवसाआड केलं तरी चालेल.

ताणण्याचे व्यायाम रोज जमले तर उत्तम, नाही जमले तर आठवड्यातून तीन दिवस तरी. एका दिवशी अर्धा तास आणि मग आठवडाभर काहीच नाही, याचा उपयोग नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठ्या, निघतात. ते पेलणारी माणसं आदल्या रात्री सराव करून येत नाहीत, किती आधीपासून रोज खांद्याला आणि कंबरेला सवय लावतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तुम्हाला तीन ते सहा आठवडे द्यावे लागतील. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून झोक्यांकडे परत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी मांडी थोडी जड वाटली तर चालेल, लंगडायला लागलात तर आदल्या दिवशी जास्त झालं होतं. दोन दिवस थांबा आणि निम्म्यावरून सुरू करा.

राहता राहिलं बसणं. कितीही ताणलं आणि पुन्हा अकरा तास स्टुलावर बसलात तर उठताना तेच होणार. घड्याळ लावून उठा असं मी सांगितलं असतं, पण सीझनमध्ये घड्याळ कोण बघतं? म्हणून बॉबिन संपली की उठायचं. बॉबिन भरायची तर ती उभं राहून घ्या, खोलीत दोन फेऱ्या मारा, भिंतीला बूड टेकवून पाच वेळा वाका, मग बसा. दोन-तीन बॉबिन आधीच भरून ठेवायची सवय असेल तर ती एवढ्यासाठी मोडा. गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील इतकं स्टूल उंच हवं. कमी असेल तर चादरीची एक घडी त्यावरही चालेल. आणि मोकळा पाय स्टुलाखाली दुमडून ठेवण्याऐवजी मधूनमधून पुढे लांब करा.

मुलीवर रागावू नका. तिलाही चादरीवर शेजारी झोपवा. तिच्या वयात शरीर झोके माफ करतं, म्हणून तिला ते बरोबर वाटलं. खडूने रेघ मारायला आणि टेप धरायला तीच लागेल.

सहा आठवडे झाले की मला पुन्हा लिहा. पहिल्या रविवारचे आणि शेवटच्या रविवारचे इंच, डावा वेगळा, उजवा वेगळा. आणि मशीनवरून उठल्यावर पहिली पाच-सहा पावलं कशी पडतात, तेही.